सव्वातीन ते चार

आदल्या दिवशी काहीच घडलं नव्हतं. नंतर तिने तो दिवस इतक्यांदा उलगडून पाहिला की त्याच्या घड्या विरायला आल्या, पण आत ठेवलेलं काही सापडलं नाही. दुपारी बाराच्या सुमाराला ती वडिलांच्या दुकानात गेली, एवढं पक्कं. दुकान म्हणजे दोन इमारतींच्या मधली चिंचोळी जागा. उभं राहिलं तर दोन माणसं मावायची, बसलं तर दीड. भिंतीवर खिळ्यांना कोऱ्या किल्ल्यांचे झुबके, टेबलावर किल्ली कापायचं यंत्र, शिकंजा, लहानमोठ्या कानशी, आणि सगळ्यावर पितळेचा बारीक कीस. तो कीस वडिलांच्या नखांत, भुवयांत, चष्म्याच्या काड्यांत कायमचा राहायला आलेला होता. लहानपणी तिला वाटायचं, सगळ्यांचेच वडील उन्हात गेले की असे थोडे थोडे चमकतात.

वडिलांनी मान वर न करता एक उपडा डबा पायाने तिच्याकडे ढकलला.

"या, सिनेमावाल्या बाई. कोणाचं कुलूप उघडायचंय आज?"

"तुमचंच," ती म्हणाली आणि तिने वही काढली.

"माझं काय उघडायचं? माझं सगळं उघडंच असतं."

हे काही खरं नव्हतं. अकरा वर्षं शाळेत भूगोल शिकवल्यावर, छत्तिसाव्या वर्षी, नोकरी सोडून ती सिनेमाच्या अभ्यासक्रमाला बसली, तेव्हा वडिलांनी काहीच म्हटलं नव्हतं. जेवणाचं ताट उचललं, मोरीत ठेवलं, आपल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. ते दार तीन दिवस तसंच. म्हणजे दुकानाला जायला, जेवायला ते बाहेर यायचे, पण परत आले की दार बंद. त्या घरात रुसण्याची रीतच तशी होती. कोणी भांडत नसे, आवाज चढवत नसे, दार लागायचं. आणि लागलेल्या दारावर दोनदा वाजवायचं, उत्तर नाही आलं तर मुकाट्याने मागे फिरायचं, हा नियम आई होती तेव्हापासूनचा. चौथ्या दिवशी दार उघडून वडील म्हणाले होते, "मग, काय काय शिकवतात तिथे?" तेवढ्यावर सगळं मिटलं. तेव्हापासून ती सिनेमावाली बाई.

"नॉयर करायचीय आम्हाला," ती म्हणाली. "बारा मिनिटांची. विषय ज्याचा त्याने शोधायचा."

"ते काय असतं?"

"गुन्ह्याचा सिनेमा. पण काळोखा. म्हणजे माणसाच्या आतला काळोख वगैरे."

"म्हणजे चोर-पोलीस."

"तसं नाही हो. यात चोर कोण, ते कधी कधी चोरालाच ठाऊक नसतं."

"मग पोलीस धरतात कोणाला? भूगोलाच्या बाईंना?"

ती हसली. हे हसणं तिला नंतर नीट आठवत होतं. आपले दात दिसले असतील, इतपत. मग तिने विचारलं, की इतकी वर्षं लोकांची दारं उघडलीत, कधी काही भलतंसलतं दिसलं का आत. वडिलांनी कानस खाली ठेवली. ते म्हणाले, आत बघायचं नसतं. खटका सरकला की आपण पाठ फिरवायची, घरमालकाने आत जायचं. मग बराच वेळ ते यंत्राचं चाक बोटाने फिरवत राहिले, आणि स्वतःहूनच सांगू लागले. फार वर्षांपूर्वी एक माणूस त्यांना बोलवायला आला होता. नीटनेटका, इस्त्रीचे कपडे. किल्ली हरवली म्हणाला. वडिलांनी हत्यारं काढली, आणि नेहमीसारखा आधी दाराला कान लावला. कुलूप जुनं असलं की आत गंज किती ते बोटांना कळतं, पण घर रिकामं आहे का, ते कानालाच कळतं. आणि दाराच्या पलीकडून, अगदी लाकडाला लागून, कोणाचा तरी श्वास ऐकू आला. बाईमाणसाचा असावा. तिनेही पलीकडून दाराला कान लावलेला असणार. वडिलांनी हत्यारं परत पिशवीत टाकली. तो माणूस म्हणाला, काय झालं, घर माझंच आहे. वडील म्हणाले, आत माणूस आहे. माणूस आत असताना, त्याने सांगितल्याशिवाय मी कुलूप उघडत नाही. आणि जिना उतरले.

"मग?" तिने विचारलं.

"मग काय?"

"पुढे काय झालं?"

"मला काय ठाऊक. मी निघून आलो."

"म्हणजे काहीच झालं नाही."

"झालं की. दार उघडलं नाही."

तिने वहीत दोन ओळी लिहिल्या होत्या, त्यावर तिने आडवी रेघ मारली. वडिलांसमोरच. "याचा सिनेमा नाही होत, बाबा," ती म्हणाली. "यात गोष्टच नाही." वाईट हेतूने म्हणाली नव्हती, वर्गात रोज एकमेकांना हेच म्हणायचे सगळे. वडिलांनी त्या रेघेकडे बघितलं, यंत्रावरचा कीस फुंकून उडवला. "नसेल," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "जेवायला थांबतेस?" तिला वर्ग होता. "बरं. मग उद्या ये. घरी. दुपारी असतो मी." तिने वही पिशवीत टाकली, डबा पायाने परत टेबलाखाली सारला. गल्लीच्या तोंडाशी जाऊन मागे वळून बघितलं का? या ठिकाणी ती दर वेळी अडायची. कधी वाटायचं बघितलं, कधी वाटायचं हे वळून बघणं आपण नंतर घातलं, सिनेमात घालतात तसं.

दुसऱ्या दिवशी सव्वातीनला ती घराच्या दारात उभी होती. दुसरा मजला, जिन्याच्या डोक्यावरच दार. चपला बाहेर होत्या, म्हणजे स्वारी घरात होती. तिने दोनदा वाजवलं. उत्तर नाही. आणि तिच्या मनात पहिल्यांदा काय आलं, तर: रुसलेत. कालची रेघ लागली. दाराचं कुलूप वडिलांनी स्वतः बनवलेलं, त्याच्या दोनच किल्ल्या, त्यातली एक तिच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात. ती तिने चाचपूनही पाहिली. पण आत माणूस असताना कुलूप उघडायचं नाही, ही कालचीच गोष्ट होती, आणि ज्याने ती सांगितली तोच आत रुसून बसलेला. किल्ली लावून आत जाणं म्हणजे त्या गोष्टीवर दुसरी रेघ मारण्यासारखं झालं असतं. दुसऱ्या कोणाच्या मुलीने सरळ दार उघडलं असतं. किल्लीवाल्याची मुलगी जिन्याच्या सातव्या पायरीवर बसली. येतील बाहेर, चहाच्या वेळेला येतातच. चार वाजता आत्या चहा घेऊन वर येते, तेव्हा तर दार उघडावंच लागतं. बसल्या बसल्या तिने वही काढली. जिन्यात खिडकी नव्हती, वरच्या गच्चीच्या दारातून उन्हाची एक पट्टी तेवढी उतरायची आणि तिसऱ्या पायरीवर मोडायची. तिने ती पट्टी लिहिली. दार लिहिलं, दाराच्या खालची फट, फटीतला उजेड. मग त्या दारासमोर एक बाई बसवली. मग लिहीतच गेली. पाच पानं झाली.

चारला खालच्या मजल्यावरून आत्या, वडिलांची धाकटी बहीण, किटली घेऊन धापा टाकत वर आली. "अगं, आत्ताच आलीस का?" तिने विचारलं.

"हो," ती म्हणाली, "आत्ताच."

का म्हणाली, याला काही कारण नव्हतं. जिन्यावर उगाच बसून राहिल्याचं कसंनुसं वाटलं असेल. बापलेकीच्या रुसव्याचं आत्यासमोर प्रदर्शन नको, असंही असेल. दोन शब्द; दिवसातून माणूस असे पन्नास शब्द कोणालाही देऊन टाकतो. आत्याने बेल वाजवली, मग हाका मारल्या, मग तिच्या हाकेचा आवाज बदलला, आणि तेव्हा पायरीवरून उठून तिने पर्समधली किल्ली लावली. वडील स्वयंपाकघरात होते, भिंतीला टेकून बसल्यासारखे. चष्मा डोळ्यांवर होता. खुर्ची टेबलापासून तिरकी सरकलेली. डॉक्टर आले, त्यांनी कागदावर वेळ लिहिली, तीन ते चारच्या दरम्यान. "चटकन होतं हे," ते म्हणाले, "त्रास होत नाही फारसा." आत्याने त्यातला 'चटकन' घट्ट धरून ठेवला. लेकीच्या वाट्याला 'दरम्यान' आला.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आत्या सांगायची, "ही होती म्हणून निभावलं. मी नुसती ओरडत उभी. हिने एका क्षणात दार उघडलं बघा. शेवटी बापाची लेक." लोक तिच्याकडे बघून माना हलवायचे. पहिल्या दिवशी खरं सांगता आलं असतं. दुसऱ्या दिवशी ते सांगण्यासाठी आधी घसा साफ करावा लागला असता. आठवडा उलटला तेव्हा त्या जागेवर आत्याचं वाक्य पक्कं बसलं होतं. महिन्याभराने एकदा आत्या भाजी निवडता निवडता म्हणाली, "तू पाच मिनिटं आधी आली असतीस तर, असं नाही हं मी म्हणत. तसलं काही मनात आणू नकोस." "नाही आणत," ती म्हणाली, आणि हातातली जुडी तिने पुन्हा पहिल्यापासून निवडायला घेतली. रात्री झोप लागायची. तोही एक अपमानच होता. चैन पडायची नाही ती दिवसा. बसमध्ये बसली की उतरावंसं वाटायचं, उतरली की चुकीच्या थांब्यावर उतरलो असं वाटायचं. वर्गात कोणी दार लावलं की कडीच्या आवाजाकडे मान आपोआप वळायची. सव्वातीन वाजले की हातातलं काम ठेवून ती उठायची, पाणी प्यायची, खिडकी उघडायची, लावायची. चार वाजले की परत कामाला बसायची. हे तिच्या लक्षात यायलाही बरेच दिवस गेले.

फिल्म मात्र करायची होतीच. तिच्या जोडीला कॅमेऱ्यासाठी जी मुलगी होती तिला सगळे टॉर्च म्हणायचे. बावीस वर्षांची, चवळीच्या शेंगेसारखी, खिशात कायम एक टॉर्च. कुठेही बसली की समोरच्या वस्तूवर उजेड टाकून सावली कशी पडते ते बघायची. कँटीनमधल्या कपावर, शिक्षकांच्या टकलावर. टॉर्च तिला ताई म्हणायची. पहिल्यांदा ताईने एक गोष्ट लिहून आणली: किल्लीवाला एका बाईसाठी दार उघडतो, आत प्रेत, संशय त्याच्यावर. टॉर्चने वाचली आणि कागदावर उजेड टाकला.

"ताई, हे बघितलंय गं."

"कुठे?"

"सगळीकडे."

दुसऱ्या खेपेला बाईच खुनी निघाली. तिसऱ्या खेपेला किल्लीवाल्याने आत वाकून बघितलं आणि जे दिसलं त्यासाठी तो कोणाला तरी धमकावू लागला. वडिलांनी हे वाचलं असतं तर काय म्हणाले असते, या विचाराने तिला हसू आलं आणि मग इतका राग आला की तिने ती पानं टराटरा फाडली. टॉर्च शांतपणे तुकडे गोळा करत म्हणाली, "फाडायला चांगली होती. करायला नव्हती." मग तिने विचारलं, "तुझ्या डोक्यात चित्र काय आहे? गोष्ट सोड. चित्र सांग." आणि ताई बोलून गेली, की एक बंद दार आहे. बाहेर पायरीवर बाई बसलीय. आत तिचा बाप आहे. तिच्याकडे किल्ली आहे. ती उघडत नाही.

टॉर्चचा चमचा कपात थांबला. "का?"

"माहीत नाही."

"मस्त. माहीत नसू दे. आणि बाप?"

"मरतो."

"तिला ठाऊक आहे?"

"नाही." मग, "मला नाही माहीत."

"ताई, हे लिही," टॉर्च म्हणाली. "आजच्या आज लिही. पण नॉयरला रात्र लागते, आणि रात्रीचे दिवे आपल्याला कोण देणार?"

"दुपार असते. दुपारी जिन्यात असतो अंधार."

त्या जिन्यात टॉर्चला नेणं तिने तीन आठवडे टाळलं. दुसरे जिने दाखवले, मैत्रिणीच्या इमारतीतला, जुन्या शाळेतला. एकाला लिफ्टचा आवाज होता, दुसऱ्याला भलत्या ठिकाणी खिडकी. शेवटी नेलं. टॉर्च पायऱ्यांवरून वरखाली धावली, भिंतींना हात लावला, गच्चीच्या दारातून येणारी पट्टी बघून तिने शीळ घातली. "बस ना कुठेतरी," ती म्हणाली, "मला माणूस हवंय मधे." ती बसली. टॉर्चने खालून उजेड टाकला, बघितलं, पुन्हा बघितलं. "तू अशी बसलीस, जशी ही जागा तुझ्या नावावर आहे." ती सातव्या पायरीवर होती. उठून सहावीवर बसली. "नाही, तीच," टॉर्च म्हणाली. "तिथेच बस. वही असेल हातात? ती काय करते एवढा वेळ? नुसती बसली तर बारा मिनिटं लोक जांभया देतील." तिने पर्समधून वही काढली, तीच वही, कारण दुसरी नव्हती. टॉर्चने ती हातातून घेतली, सावली कशी पडते बघायला उघडी धरली, आणि उजेडात वाचू लागली. ताईचे हात मांडीवर पडून होते, कुणीतरी विसरून गेलेल्या हातमोज्यांसारखे.

"हे आधीच लिहिलंयस की," टॉर्च म्हणाली. "पट्टी, फट, सगळं. कधी लिहिलंस?"

"असंच. मागे."

"आणि हे!" टॉर्चने पानावर बोट ठेवलं आणि मोठ्याने वाचलं, "'आत काहीतरी सरकल्याचा आवाज. मग काही नाही.' अगं, हीच फिल्म आहे. हा आवाज."

ती ओळ चौथ्या पानावर होती, मधोमध. त्याच पेनाने, त्याच तिरक्या घाईच्या अक्षरात. तिला ती ओळ आठवत नव्हती. उन्हाची पट्टी लिहिल्याचं आठवत होतं, फटीतला उजेड आठवत होता, एका शब्दावर अडून पेनाचं टोपण चावल्याचं आठवत होतं. ही ओळ नाही. आवाज आला म्हणून लिहिली, की गोष्टीत इथे एक आवाज हवा असं वाटलं म्हणून लिहिली? घरी येऊन तिने पान दिव्याखाली धरलं, जणू कागदाला विचारून कळणार होतं. खुर्ची तिरकी सरकलेली होती हे तिला चार वाजून गेल्यावर दिसलं. ओळ त्याच्या आधीची. तिने डोळे मिटून जिना आठवला, खालचा नळ, लांब कोणाची तरी शिलाईमशीन, आणि त्या सगळ्यांच्या मधोमध खुर्ची सरकवून पाहिली. प्रत्येक वेळी ती सरकली. न सरकल्यासारखं करून पाहिलं, तरी सरकली. वडिलांनी आयुष्यात एकही दार आधी कान लावल्याशिवाय उघडलं नाही. तिने कान लावला नव्हता, एवढं तिला नक्की माहीत होतं. मग ऐकलं कशाने?

पुढचे दोन महिने तिने त्या प्रश्नाचीच पटकथा केली. टॉर्चला वाटायचं ताई कामाला लागली, आणि ते खरंच होतं. इतकं काम तिने जन्मात केलं नव्हतं. बाईला नाव दिलं नाही. तिचा धंदा बदलला, कपडे बदलले, बापाला कधी जुगारी केलं, कधी आजारी. आवाज पाचव्या मिनिटाला ठेवला, सातव्याला नेला, काढला, परत घातला. आत्या एकदा विचारत होती, "कशावर काढताय गं सिनेमा?" "जिन्यावर," ती म्हणाली. "जिन्यावर? मग त्यात माणसं कोण?" "एकच बाई." "बिचारी," आत्या म्हणाली, "एकटीच का बसवलीस तिला?" आणि तिला तेव्हा, त्याच क्षणी, आत्याला सगळं सांगायचं होतं. जिभेवर होतं. आत्याने चष्मा काढून पदराने पुसायला घेतला आणि भावाचे डोळे उघडे पडले, हुबेहूब तेच, किंचित वर ओढलेले. ती उठली आणि पाणी प्यायला आत गेली. घड्याळात साडेतीन झाले होते.

समितीसमोर पिच सकाळी अकराला होतं. पिच म्हणजे दहा मिनिटांत आपली फिल्म तीन माणसांच्या गळी उतरवायची; उतरली तर कॅमेरा मिळतो, नाही तर पुढल्या वर्षी या. खोली मोठी आणि नको इतकी उजेडाची. टेबलामागे पटकथेचे सर, संकलन शिकवणाऱ्या मॅडम, आणि बाहेरून बोलावलेले एक निर्माते, ज्यांना सगळे पाहुणे म्हणत होते. टॉर्चने जिन्याची चित्रं एकेक करून पडद्यावर टाकली. ताई बोलली. बाई सव्वातीनला बापाच्या दारापाशी येते, दोनदा वाजवते, किल्ली चाचपते, बसते, लिहू लागते. आतून आवाज येतो. ती तो लिहून ठेवते. चारला कोणीतरी जिना चढून येतं आणि विचारतं, आत्ताच आलीस का. ती म्हणते, हो. बाई दार उघडते, बाप गेलेला असतो. इथे फिल्म संपते. बोलताना तिचा आवाज इतका सपाट होता की मॅडमनी एकदा मान वर करून पाहिलं.

"चित्रं उत्तम आहेत," सर म्हणाले. "जिना तर फारच छान. पण मला एक सांग. किल्ली जवळ असताना माणूस बाहेर बसेल का?"

"तिच्या घरात तशी पद्धत आहे," ती म्हणाली. "रुसलेल्या माणसाचं दार उघडत नाहीत."

"पाऊण तास?"

"कधी कधी तीन दिवस."

पाहुणे हसले. "घर आहे का बँक?"

"बरं, पद्धत मानली," मॅडम म्हणाल्या. "पण आवाज येतो तेव्हा? तेव्हा तरी ती उठेल. आवाज ऐकून वहीत लिहिणारी बाई मला नाही पटत. आवाज खरंच येतो, की तिला वाटतो? ते आधी तू ठरव. तुला ठाऊक नसेल तर बघणाऱ्याला कसं कळणार?"

"ते आम्ही मोघम ठेवलंय," टॉर्च घाईने म्हणाली.

"मोघम ठेवायलाही ठाऊक असावं लागतं," मॅडम म्हणाल्या, काही रागाने नाही.

पाहुण्यांनी खुर्ची पुढे ओढली. खुर्चीचे पाय फरशीवर घासले आणि तिने टेबलाची कड धरली. "सोपं आहे हो," ते म्हणाले. "नॉयर आहे ना? मग तिला तो मरायला हवा होता. संपलं. किल्ली आहे, उघडत नाही. आवाज येतो, ऐकते, लिहून ठेवते. आणि ते 'आत्ताच आले', ते तर झकासच. थंड डोक्याची बाई. बापाने काहीतरी केलेलं दाखवा मागे, एखादा शॉट पुरे. फिल्म उभी राहते."

"राहते," सर म्हणाले. "एकदम राहते."

मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं. "हे करणार असाल तर माझी हरकत नाही. कॅमेरा चार दिवस."

टॉर्चने टेबलाखालून तिच्या पायाला पाय लावला. चार दिवस कोणालाच मिळाले नव्हते. टॉर्चच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो बघण्यासारखा होता, आणि आता फक्त हो म्हणायचं होतं. एक शब्द; तो तिला चांगला येत होता. बापाने काय केलेलं दाखवायचं, तेही शोधता आलं असतं. वडिलांनी तिला जेवायला थांबतेस का विचारलं होतं. पडद्यावर अजून शेवटचं चित्र होतं, सातवी पायरी, रिकामी. त्या पायरीवर त्या दुपारी बसलेली बाई तिला पहिल्यांदाच बाहेरून दिसली. पाठीला बाक, जीभ दातांत धरलेली, पेन भराभर चाललेलं. थंड डोक्याची नव्हती ती. अपराधी, घाबरलेली, रुसलेली, यातलं काहीच नव्हती. ती कशी होती ते तिला चांगलं ठाऊक होतं, इतके महिने ठाऊक होतं, आणि आवाज खरा की खोटा हा घोळ तिने त्याच्यावर झाकण म्हणून ठेवला होता.

"काय मग?" मॅडम म्हणाल्या. "हो म्हणू?"

"नाही," ती म्हणाली. "तिला तो मरायला नको होता."

"मग ती उठत का नाही?"

टॉर्चने पाय काढून घेतला. ताई उभी राहिली, कारण बसून ते सांगता येईल असं तिला वाटेना.

"तो जिना माझ्या वडिलांच्या घराचा आहे," ती म्हणाली. "मी सव्वातीनला गेले होते. आत्याला चार सांगितलं. ते रुसले असतील असं मला आधी वाटलं, दहा मिनिटं असेल. नंतर मी त्यांचा विचारच करत नव्हते. आवाज आला होता, मॅडम. मी ऐकला आणि तो वाक्यात नीट बसला. लिहिणं इतकं छान चाललं होतं की मी मनात म्हणत होते, बाबा, थांबा जरा, इतक्यात दार उघडू नका."